बालाजीच्या गाडीतली रोझी

१

झरीच्या बालाजीच्या गाडीत एक बाई सापडली. पूर्ण बाई नाही, नुसतं नाव. पण संसार मोडायला तेवढं पुरतं.

ही बातमी मला खुद्द बालाजीनंच दिली. मी धम्मानंद, परभणीत गाड्यांच्या विम्याचा सर्व्हेअर. कुणाची गाडी ठोकली की मी जाऊन बघतो आणि मालक सांगतो त्यातलं खरं किती ते ठरवतो. आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक अपघातात एक रोही, म्हणजे नीलगाय, आडवं आलेलं असतं. ड्रायव्हर कधीच झोपलेला नसतो.

बालाजी माझा शाळेतला मित्र. झरीत त्याचं खतबियाणांचं दुकान आहे. महिनाभरापूर्वी त्यानं जुनी पांढरी गाडी घेतली, मागं मोठी डिक्की असलेली. ती नावावर होऊन आरसी हातात आली त्या दिवशी त्यानं अख्ख्या झरीला पेढे वाटले आणि बॉनेटवर नारळ ठेवून फोटो स्टेटसला टाकला. तो फोटो बघून मी जळलो नाही. फक्त फोन पालथा ठेवला.

आणि आता जानेवारीच्या थंडीत, कानाला मफलर गुंडाळून तो माझ्या दारात उभा होता.

"धम्मा, गाडी विकायचीय."

"अरे, आत्ता कुठं नावावर झाली."

"म्हणूनच. आता नावावर हाय म्हणून तर विकता यायलीय."

हे बरोबर होतं. आज नावावर झालेली गाडी उद्या विकली तरी कायद्याची हरकत नसते. हरकत गावाची असते. नावावर होताच गाडी विकणारा माणूस, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी बायको माहेरी सोडणाऱ्यासारखा दिसतो. लोक त्याला काही विचारत नाहीत, आपसात ठरवतात. बालाजीच्या गाडीबद्दल तोवर असं ठरलं होतं की ती चोरीची आहे, पुरात बुडालेली आहे, आणि तिच्यात कुणीतरी मेलेलं आहे. गिऱ्हाईकं येत होती, टायरला लाथ मारत होती आणि जात होती.

"पण विकायचीय कशाला?"

"रेणुका पेडगावला गेलीय माहेरी. म्हणती, घरात एक तर ती राहील न्हाईतर मी."

"ती कोण?"

"तेच तर तुला शोधायचंय," बालाजी म्हणाला. त्याचा आवाज मफलरच्या आतून येत होता.

मग त्यानं सांगितलं ते असं. गंगाखेडला साडूच्या घरी साखरपुड्याला निघायचं होतं. पहाटेची थंडी. बालाजीची आई बायनाबाई पुढच्या सीटवर, रेणुका मागं, काचा बंद. बालाजी बाहेर उभा राहून पुढच्या काचेवरचं दव पुसत होता. तेवढ्यात आतून रेणुका ओरडली, "ही रोझी कोण?" तो मागं येईपर्यंत आत दोघींचा आरडाओरडा सुरू झाला होता. मागच्या काचेवर, धुरकट झालेल्या भागात, अक्षरं उमटली होती. त्याला ती उलटी दिसली. रेणुका साखरपुड्याला गेली नाही. पिशवी भरून पेडगावच्या गाडीत बसली.

"मी कोरड्या टॉवेलनं पुसून काढलं," तो म्हणाला. "तर मग बोरीचं एक गिऱ्हाईक सकाळी ट्रायलला मागं बसलं अन् त्याला बी दिसली. त्यानं चालत्या गाडीत दार उघडलं रे."

"तुझ्या ओळखीत रोझी कोण हाय?"

"माझ्या ओळखीत इंजेक्शन देणारी बाई सुद्धा लताबाई हाय, धम्मा. गाडी मी विकतो. माझ्या साडूनं घ्यायचं कबूल बी केलंय, उद्या पेडगावातच द्यायची. पण हे कुणी लिहिलं ते कळल्याशिवाय रेणुका घरी आली तरी आल्यासारखी न्हाई. गाडी जाईल अन् रोझी राहील."

गाडी तो घेऊनच आला होता. मी मागच्या सीटवर चढलो. काचा लावल्या, गुडघे टेकून मागं तोंड केलं आणि काचेवर लांब श्वास सोडला.

धुकं धरलं. आणि त्या धुक्यात, मला सरळ वाचता येईल अशी, रोझी हळूहळू वर आली.

२

काचेला नाक लावलं तर वास आला. बामाचा. डोकं दुखल्यावर लावतात तो. बोट बामात बुडवून काचेवर लिहिलं की कोरडं असताना काही दिसत नाही, काचेवर बाष्प धरलं की दिसतं. टॉवेलनं तो पुसला जात नाही, पातळ होऊन तिथंच राहतो. म्हणजे रोझी दोनदा आली नव्हती. एकदाच आली होती आणि मुक्काम करून होती.

दुसरी गोष्ट, ती काच बाकीच्या काचांपेक्षा नवी होती. कोपऱ्यातली खूण वेगळी. मी आधीच्या मालकाला फोन लावला. सेलूचे एक सर. ते म्हणाले, "बाभळीची फांदी पडून मागची काच फुटली होती. नवी बसवली अन् त्याच दिवशी गाडी दिली."

"सर, तुमच्या घरात रोझी कोणी?"

पलीकडं फोन दुसऱ्याच हातात गेला. मग एका बाईचा आवाज आला, "कोण रोझी?"

एका सकाळी दोन संसार पेटवण्याचा माझा विचार नव्हता. मी फोन ठेवला.

पण मुद्दा पक्का झाला. हे जुन्या मालकाचं भूत नव्हतं. काच नवी, म्हणजे लिहिणारा बालाजीच्या वेळचा. आणि आतून लिहिलेलं, म्हणजे गाडीत बसलेला. बालाजीच्या गाडीत बसायला मिळणं ही साधी गोष्ट नव्हती. चप्पल बाहेर काढून हातात घ्यावी लागे.

"रोझी दिसायच्या आधी मागं कोण कोण बसलं?" मी विचारलं.

बालाजीनं बोटांवर मोजलं. "रेणुका. सिताराम, एकदा बळंच. अन् परमेश्वरराव, गंगाखेडचे साडू. आई पुढंच बसती."

"म्हणजे एवढेच लोक तुझ्यावर जळतात?"

"जळतं तर सगळं झरी. बसलेले एवढेच."

आम्ही झरीला गेलो, तो गाडीनं, मी माझ्या मोटारसायकलवर. मत्सर हे आमच्याकडचं सगळ्यात भरवशाचं पीक. त्याला पाऊस लागत नाही, खत लागत नाही, आणि माझ्या दुःखाची गोष्ट म्हणजे विमाही लागत नाही.

बायनाबाई ओसरीत उन्हाला बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मला बघून म्हणाल्या, "ये धम्मा. तुला बी दिसली का ती?"

"दिसली काकू. तुमचा बाम कुठं हाय?"

"सापडना झालाय बघ. गुडघे धरलेत नुसते. ह्याची गाडी आल्यापास्नं घरातलं कायबी सापडंना. माझा बाम न्हाई, त्याचं डोकं न्हाई."

बाम त्यांचा. म्हणजे पहिल्या संशयित त्याच. सासू, सून आणि एक गाडी. पुढच्या सीटवरून आमच्याकडं खून पडलेत. पण काचेवर लिहायला मागच्या सीटवर गुडघे मोडून बसावं लागतं, आणि बायनाबाईंना पुढं बसवतात ते गुडघे मोडत नाहीत म्हणूनच. त्यांना मागं चढवायला क्रेन लागली असती.

"त्या दिवशी तुमी काय बघितलं, काकू?"

"रेणुका वरडली तशी मी मान वळवून बघितलं. काचंवर कायच न्हाई. मला वाटलं, मला वाचता येत न्हाई म्हणून दिसत नसंल."

मी शेंग तोंडात टाकता टाकता थांबलो. "मग?"

"मग दिसलं की. हळूहळू. आमी दोघी तोंडानं वाफा सोडीत ह्याच्या नावानं भांडलो तेव्हा. मी म्हणलं, बघ बाई, नीट बघितलं की अडाण्याला बी अक्षर दिसतं."

बालाजी हसला. मी हसलो नाही. बायनाबाईंनी आत्ता काय सांगितलं होतं, ते त्यांना स्वतःलाही कळलेलं नव्हतं.

३

सिताराम हा बालाजीचा चुलत भाऊ, भिंतीला भिंत लावून राहणारा. बालाजीनं गाडी घेतली त्या दिवसापासून त्यानं आपल्या दारातला दिवा बदलून मोठा लावला होता, कारण काहीतरी मोठं करणं गरजेचं होतं. गाडीत कुणीतरी मेलंय ही बातमी त्याच्याच ओसरीतून निघाली होती.

"मी कशाला लिहू?" तो म्हणाला. "मी तर म्हणलं, गाडी मला दे. भुतासकट घेतो. पडेल त्या भावात."

"म्हणजे भाव पडावा म्हणून भूत तूच सोडलंस."

"भूत माझं. ते मी कबूल करतो." तो छाती पुढं करून म्हणाला. "पण नाव माझं न्हाई. रोझी! हे काय नाव हाय? मला ह्याचा संसार मोडायचा असता तर मी कविता लिहिलं असतं."

"कविता कोण?"

"मानवतची. रेणुकाच्या आधी तिच्याशी बालाजीचं जमता जमता ऱ्हायलं. अख्ख्या भावकीला माहीत हाय. वहिनीसमोर कविता म्हणलं की त्या दिवशी ह्याच्या ताटात मीठच पडत न्हाई. इतकं चांगलं नाव हाताशी असताना मी रोझी लिहू? मी काय येडा हाय का?"

मला तो त्या क्षणी फार पटला. दुष्टपणालाही एक शिस्त असते.

तेवढ्यात परमेश्वरराव आले. बालाजीचे साडू, रेणुकाच्या थोरल्या बहिणीचे, भक्तीचे यजमान. साखर कारखान्यात नोकरी, कडक इस्त्री. त्यांच्याकडं एक लहान गाडी होती आणि गेली काही वर्षं त्या गाडीमुळं ते सासरवाडीत पहिल्या पंगतीला बसत. बालाजीची पांढरी आली आणि गेल्या महिन्यात त्यांना दुसऱ्या पंगतीला बसवलं. ते जेवले नाहीत म्हणतात. पोट बिघडल्याचं सांगितलं.

आता ते गाडीभोवती फिरत होते, नवरदेव मुलीकडच्यांचं घर बघतो तसे.

"बालाजीराव, तुमच्यावर वेळ आली म्हणून घ्यायलोय," ते दुःखानं म्हणाले. इतकं आनंदी दुःख मी आधी पाहिलं नव्हतं. "न्हाईतर नावावर होऊन आठ दिवस न्हाई झाले, अशी गाडी कोण घेतं? लोक मला विचारतील, काय गडबड हाय. पण घरातलं माणूस घरातल्याच्या कामाला यावं. भक्तीला बी पांढरा रंग लय आवडतो. तुमची बघून न्हाई, आधीपास्नंच."

"तुम्ही ह्या गाडीत मागं बसला होता," मी म्हणालो.

"परभणीपासून गंगाखेडपर्यंत. पुढं बायनाबाई. मला, थोरल्या जावयाला, मागं." ही जखम अजून ओली होती.

"तेव्हा काचेवर काही लिहिलं?"

त्यांनी माझ्याकडं कारखान्याच्या काट्यावर ऊस तोलताना बघतात तसं बघितलं. "साहेब, मला ही गाडी पाहिजे. भांडण लावून मिळत असंल तर मी भांडण लावीन, खोटं कशाला बोलू? पण मी ते मानवतच्या नावानं लावीन. एका अक्षराचा खर्च न्हाई. नुसतं भक्तीच्या कानात सांगितलं की संध्याकाळपर्यंत पेडगावला पोचतं."

दोन जळणारी माणसं, एकमेकांना न विचारता, एकच बोलली होती. ज्याला आग लावायची तो घरात असलेली काडी वापरतो. इथं कुणीतरी मुद्दाम अशी काडी शोधली होती जी कुठल्याही खऱ्या बाईच्या पदराला लागणार नाही.

असं कोण करतं? दया येणारं माणूस. आणि झरीत त्या दिवशी मला ते कुठं दिसेना.

"बालाजी," मी म्हणालो, "मी आत्ताच पेडगावला जातो. तू उद्याच ये, गाडी घेऊन."

"रोझी पेडगावची हाय?" त्याचा चेहरा उतरला.

मी मोटारसायकलला किल्ली लावली. मला तेव्हा खरंच माहीत नव्हतं.

पण परमेश्वररावांना एवढा धीर नव्हता. "उद्या कशाला? हार मी आणलेलाच हाय," ते म्हणाले. "तुमी व्हा पुढं मोटारसायकलवर. आमी च्या पिऊन आलोच."

४

पेडगावात रेणुका वहिनीच्या माहेरी मला अंगणात बाज टाकून दिली. वहिनी कडबा तोडत बसल्या होत्या. विळा असा चालत होता की मी बाज जरा मागं ओढली. त्यांच्या आई गीताबाई चहा घेऊन आल्या.

"जावयाचं काय ठरलं?" त्यांनी विचारलं. "ती बाई सोडणार का गाडी?"

"दोन्हीचं बघायलोय, मावशी."

"माझी पोरगी रानात राबती, दुकानात बसती, सासूचे गुडघे चोळती. अन् ह्याला रोझी पाहिजे. शिकलेली असंल?"

"अजून भेटली नाही."

"गोरी असंल," गीताबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

वहिनींनी मान वर केली नाही. मी कपबशी हातात घेतली. वहिनींना काय विचारायचं ते मी वाटेत जुळवलं होतं, पण सुरुवात सापडत नव्हती. शेजारच्या गोठ्यात दगडाबाई नावाची म्हातारी दूध काढायला बसली होती. तिथून भांड्यावर लाथ बसल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ दगडाबाईचा, अख्ख्या आळीला ऐकू जाईल असा.

"रोझेऽ! सरक तिकडं! मोडते तंगडं तुझं, रोझे!"

गोठ्यातून एका म्हशीनं मान बाहेर काढून माझ्याकडं बघितलं. काळीभोर होती. गीताबाईंचा अंदाज साफ चुकला होता.

वहिनींचा विळा थांबला.

५

"तिच्या नातवानं ठेवलं नाव," वहिनी म्हणाल्या. माझ्याकडं न बघता. "पिच्चर बघून."

"वहिनी, काचेवर आतून लिहिलेलं हाय. आतल्यालाच सरळ वाचता यावं असं. बाम म्हणाल तर बायनाकाकूचा, पण त्या मागं चढू शकत न्हाईत. सिताराम अन् परमेश्वररावांनी मानवतचं नाव लिहिलं असतं. अन् तुम्ही वरडला तेव्हा काचेवर धुकंच धरलं नव्हतं. काकूंनी मान वळवली तर काच कोरी. अक्षरं नंतर आली. जे अजून दिसत नव्हतं, ते तुम्ही वाचलं."

त्यांनी कडब्याची पेंढी बाजूला सारली. मला वाटलं रडतील. त्यांनी उलट मलाच विचारलं.

"भाऊजी, तुमी कधी गाडीवर जळलात का?"

"रोजच. माझ्याकडं मोटारसायकल हाय."

"तसं न्हाई. बाईवर जळतात तसं."

 सर्व्हेअरच्या परीक्षेत हा प्रश्न नव्हता.

"सकाळी उठला की पहिली तिला आंघोळ. कोमट पाण्यानं. माझ्या चुलीवरचं पाणी. नवा बनियन फाडून तिला फडकं केलं. थंडी पडली तर तिच्यावर गोधडी घातली, माझ्या आईनं शिवलेली. मला हिवाळा न्हाई का, भाऊजी? ताट घेऊन ओसरीत बसायचा, तोंड तिच्याकडं. मला ताप आला तर म्हणाला, गोळी घे. तिला ओरखडा पडला तर दुकान बंद ठेवून परभणीला नेली." त्यांनी श्वास घेतला. "सवत असती तर भांडले असते. सवत उलट बोलती, म्हणून तर भांडता येतं. हिला काय बोलू? हिला बोललं की हा म्हणतो, हळू, रंग जाईल."

"मग सरळ सांगायचं ना त्याला."

"काय सांगू? मी गाडीवर जळायली? गावानं हसून मारलं असतं. सासू म्हणाली असती, खुळी हाय. बाईचं नाव निघालं तर बघा, सगळे कसे गंभीर झाले. सासू सुद्धा माझ्या बाजूनं भांडायली. लोकांना सवत कळती. गाडी कळत न्हाई."

"अन् म्हशीचं नाव?"

"खऱ्या बाईचं लिहिलं असतं तर त्या बिचारीला तिच्या सासरी काय काय ऐकावं लागलं असतं. कविताचा काय दोष? मला कुणाचंच नको होतं. बोट काचंवर टेकलं अन् सुचंना. मग माहेरी आलं की रोज कानावर पडायचं तेच आलं." जरा थांबून त्या म्हणाल्या, "तुमी सांगणार का त्यांना?"

"रिपोर्ट ज्यानं मागितला त्याला द्यावा लागतो. पण तुम्ही आधी सांगितलं तर माझा रिपोर्ट वाचायचं कारण उरत न्हाई."

"सांगितलं तर हसतील."

"हसतील. न्हाई सांगितलं तर तो जन्मभर रोझी शोधत बसंल, अन् तुम्ही जन्मभर त्याला शोधू द्याल. तसं बी तुमच्या मनासारखं झालंच की. गाडी चालली."

"कुणाकडं?"

मला वाटलं त्यांना माहीत असेल. "परमेश्वररावांकडं."

वहिनी उभ्या राहिल्या. विळा हातातच होता. मघाशी जे रडू येईल वाटलं होतं ते आता दुसरंच काहीतरी होऊन चेहऱ्यावर चढत होतं.

"दाजींकडं? म्हणजे भक्ताई बसणार तिच्यात?"

"बसतीलच."

"पुढं?"

आळीच्या तोंडाशी हॉर्न वाजला. लांब, गोड, दोन सुरांचा. पांढरी गाडी वळत होती आणि तिच्या बॉनेटवर झेंडूचा हार होता.

६

बालाजी उतरला. बायकोला बघितलं. मग, सवयीनं, बाहीनं बॉनेटवरची धूळ पुसली.

माझ्या शेजारी वहिनींनी हे पाहिलं. मी पाहिलं की त्यांनी पाहिलं. मी डोळे मिटले.

परमेश्वरराव पेढ्यांचा पुडा घेऊन उतरले. गीताबाई बाहेर आल्या. दगडाबाई दुधाचं भांडं घेऊन कुंपणाला टेकली. पेडगावात कुठलाही व्यवहार साक्षीदाराशिवाय होत नाही.

"घे," बालाजी म्हणाला. "तुझ्यासमोर देऊन टाकतो. झालं? आता धम्मा, सांग. कोण हाय ती?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी तोंड उघडलं, पण वहिनी मध्ये आल्या.

"मी लिहिलंय. रोझी कुणी न्हाई. दगडामावशीची म्हैस हाय."

 नाव ऐकून म्हशीनं मान हलवली.

"म्हणजे गाडीत कुणी मेलं न्हाई?" परमेश्वररावांनी विचारलं. त्यांना स्वस्तात मिळण्याचं कारण हातातून निसटताना दिसत होतं.

"पण का?" बालाजीचा आवाज बारीक झाला. "मी तर रात्रंदिवस डोकं धरून बसलो. कुठली रोझी, कधी भेटली, मी विसरलो का..."

"म्हणूनच. दुसरी बाई हाय म्हणलं तर तुमी निदान माझ्याकडं बघून विचाराल, कोण हाय म्हणून. महिना झाला, माझ्याकडं बघून तुमी मीठ सुद्धा मागितलं न्हाई. तिच्याकडं बघून मागता."

दगडाबाई हसली. मग गीताबाई हसल्या. ज्याची भीती होती ते झालं, आणि वहिनी लाल होऊन तशाच उभ्या राहिल्या. हलल्या नाहीत.

बालाजीनं खूप विचार केला. तो विचार करताना दिसतो, कपाळावर. शेवटी त्यानं विचारलं, "मग आता विकू, का नको?"

मी सर्व्हेअर आहे. चूक कुठं झाली ते मला लांबून कळतं.

वहिनींनी त्याच्या हातातली किल्ली ओढून घेतली. "दाजी, पेढे घरी न्या. भक्ताईला माझ्या नवऱ्याच्या गाडीत बसायचं असंल तर मागं बसंल. पुढं मी." आणि त्या जाऊन ड्रायव्हरच्या जागेवर बसल्या.

"अगं तुला येत न्हाई!"

"महिनाभर मागून बघायलेय. दुसरं काय होतं मला बघायला?"

गाडी चालू झाली. ती आधीच गिअरमध्ये होती. पांढरी गाडी एकदा उडाली, झेंडूचा हार उडाला, परमेश्वरराव स्वतःच्या इस्त्रीसकट बाजेवर पडले, आणि गाडी अंगण ओलांडून दगडाबाईच्या गोठ्यासमोरच्या दगडी हौदावर जाऊन थांबली. काच फुटल्याचा आवाज आला. मग पाणी सांडल्याचा. मग काहीच नाही.

हा क्षण मला नेहमी नंतर ऐकायला मिळतो, फॉर्म भरताना. समोर घडताना मी तो पहिल्यांदाच बघत होतो. गाडी ठोकली की मालक पहिल्यांदा कुठं धावतो, ते मला कुणी खरं सांगत नाही.

बालाजी धावला. उजवा पुढचा दिवा फुटून लोंबत होता, बंपर हौदात शिरला होता, नवा कोरा ओरखडा दारापर्यंत गेला होता. तो त्या सगळ्याच्या बाजूनं तसाच पुढं गेला, इतक्या जवळून की शर्ट अडकला आणि फाटला. त्यानं दार उघडलं.

"लागलं का? कपाळ बघू. बघू दे ना! हात हलतो का? रेणुका, बोल की!"

वहिनी स्टिअरिंग धरून बसल्या होत्या. त्याच्याकडं बघत. बराच वेळ.

"दिवा फुटला," त्या म्हणाल्या.

"मरू दे दिवा. डोकं दुखतंय का?"

"थोडं."

"बाम हाय का तुझ्याकडं?"

"संपला," त्या म्हणाल्या.

परमेश्वरराव बाजेवरून उठले, हार उचलला, झटकला आणि कुणाला काही न बोलता एसटीच्या फाट्याकडं निघाले. गीताबाई त्यांना थांबवायला गेल्या, मोठ्या जावयाला न जेवता कसं जाऊ द्यायचं म्हणून.

बालाजी उघड्या दारात उकिडवा बसून बायकोच्या कपाळावर पाण्याचा हात फिरवत होता. आणि मग, माणूसच तो, त्याची नजर अगदी हळू, चोरासारखी, फुटलेल्या दिव्याकडं सरकली.

वहिनींनी त्याची हनुवटी धरली आणि तोंड परत आपल्याकडं वळवलं. त्यानं वळू दिलं.